घंटागाडी नसलेलं गाव

मैत्रिणींनो, घंटागाडी एक दिवस चुकली की आपला जीव खालीवर होतो. जपानमधल्या कामिकात्सु या डोंगराळ गावात ती येतच नाही! जेमतेम दीड हजार वस्ती. ओला कचरा घरीच जिरवायचा. बाकीचा धुऊन-वाळवून केंद्रावर न्यायचा आणि चाळीसहून अधिक प्रकारांत स्वतः वेगळा करायचा. कचरा जाळणं-पुरणं २०२० पर्यंत बंद करायचं, असा संकल्प गावाने २००३ साली केला. तो पुरता साधला नाही, तरी सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो.

पण हे धुणं-वाळवणं एकट्या गृहिणीच्याच गळ्यात पडलं, तर उत्साह किती दिवस टिकणार? म्हणून दुधाची पिशवी जो फोडेल, त्यानेच ती धुऊन दोरीवर टाकावी. कोपरा मात्र तोडू नये, नुसती चीर द्यावी. एवढा नियम आजपासून घरात लावून पाहा!