अनुभव खरा, अर्थ मात्र तपासावा

‘मी वर छताशी तरंगत होतो, खाली खाटेवर माझेच शरीर पडलेले दिसत होते,’ असे मरणाच्या दारातून परतलेले माणूस सांगू लागले, की घरात कुणी हात जोडतो, कुणी हसतो. दोघेही ऐकत मात्र नाहीत.

२००२ साली ओलाफ ब्लांके यांनी जिनिव्हात अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या ठरावीक भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला. ती जागी होती. तरी आपण वरून स्वतःकडे पाहत आहोत, असे तिला जाणवले. म्हणजे अनुभव थाप नव्हे.

मग आत्मा खरोखर बाहेर पडतो का? सॅम पार्निया यांनी इस्पितळांत उंच फळ्यांवर, केवळ वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली. हृदय बंद पडून वाचलेल्या १४० जणांच्या मुलाखती झाल्या. २०१४ साली निष्कर्ष आले : चित्र कुणीही सांगितले नाही. मात्र आसपासचे पाहिल्या-ऐकल्याचे स्पष्ट आठवणारे दोघे फळ्या नसलेल्या जागी होते. प्रश्न खुलाच राहिला.

परकायाप्रवेशाच्या कथांवर वाढलेल्या आपण एवढे करावे : आजोबा सांगतील ते न हसता ऐकावे, आणि शरीराबाहेर जायला शिकवतो म्हणून पैसे मागणाऱ्याला आधी फळीवरचे चित्र विचारावे.