'विषय चांगला आहे'. पण चित्रपट पाहिलात का?

नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयी, मग तो नवा असो वा जुना, मराठी माणूस बोलू लागला की त्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : 'विषय चांगला आहे.' त्यामागोमाग 'जरा संथ आहे, पण एकदा पाहायला हरकत नाही' येते आणि निवाडा संपतो. या वाक्याला आमचा सक्त विरोध आहे. वरवर ते कौतुक वाटते. वस्तुतः चित्रपट न पाहताच उठून जाण्याचा तो सभ्य मार्ग आहे.

आधी जुन्याकडे पाहू. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७) हा प्रभातचा बोलपट. विषय जरठ-कुमारी विवाहाचा. हा प्रश्न आता इतिहासजमा झाला असे मानले, की 'त्या काळाच्या मानाने धाडसी' अशी चिठ्ठी डकवून 'कुंकू' फडताळात ठेवून देता येतो. परंतु मराठी बोलपट जेमतेम पाच वर्षांचा असताना शांतारामांनी या चित्रपटातून पार्श्वसंगीत हद्दपार केले, हे त्या चिठ्ठीत कुठे मावते? इथे जे ऐकू येते ते त्या घरातले आणि रस्त्यावरचे. त्यामुळे भिंतीवरचे घड्याळ अंगावर येते आणि नीरेचा कोंडमारा संवादांच्या आधी आपल्या कानांना कळतो. विषय काळाबरोबर मागे पडतात. ते घड्याळ अजून मागे पडलेले नाही.

आता 'जरा संथ'चा समाचार. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाविषयी हे आम्ही इतक्यांदा ऐकले, की ते एखाद्या तांत्रिक बिघाडाचे नाव असावे असे वाटू लागले. आपल्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, या आरोपाखाली एका लोकशाहिरावर खटला चालतो. कॅमेरा लांब, स्थिर, निर्विकार. तारखांवर तारखा पडतात. शेवटी सुट्टी लागते, न्यायालयाचे दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. आणि तो उजळतो तेव्हा न्यायाधीश सहकुटुंब सहलीला निघालेले असतात. आरोपी कोठडीत, न्याय सुट्टीवर! हे घाईने कसे सांगणार होते? प्रेक्षकाला तासभर जो कंटाळा सोसवत नाही, तो कोणाच्या तरी आयुष्याची वर्षे खातो. त्या चित्रपटाचे आरोपपत्र त्याच्या संथपणातच लिहिलेले आहे.

परंतु या वाक्याचा खरा अपराध 'फँड्री'च्या (२०१३) बाबतीत उघडा पडतो. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाला 'विषय महत्त्वाचा' असे प्रशस्तिपत्र सर्वांनी दिले. जातीवरचा चित्रपट, अस्वस्थ करणारा, वगैरे. पण पकडलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब निघते, तेव्हा मागे शाळेची भिंत आहे, आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रे आहेत. त्यावर कोणी एक शब्दही बोलत नाही. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे. 'विषय महत्त्वाचा' असे म्हणणाऱ्याने तो दगड हळूच चुकवलेला असतो. विषय समाजाचा असतो, दगड मात्र आपल्याला लागायचा असतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : सामान्य प्रेक्षक काही तंत्रज्ञ नव्हे, त्याने कॅमेऱ्याची भाषा का शिकावी? आम्ही ती शिका असे म्हणतच नाही. काय दिसले, काय ऐकू आले, कुठे जीव गुदमरला, एवढे सांगायला कोणतीही परिभाषा लागत नाही. उलट 'विषय' हीच उसनी परिभाषा आहे. ती शालेय निबंधातून आली आणि आपल्या डोळ्यांवर झापडे बांधून बसली. तिच्यामुळे थोर विषयावरचे सुमार चित्रपट फुकट उत्तीर्ण होतात आणि किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीवरचे उत्तम चित्रपट दारातूनच परत जातात.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. यापुढे कोणी 'विषय चांगला आहे' असे म्हणाले, तर त्याला लगेच विचारावे : 'ते राहू द्या, एक दृश्य सांगा.' ते सांगता आले, तर पुढच्या मतभेदांना आम्ही आनंदाने तयार आहोत. सांगता आले नाही, तर त्याने तिकीट काढले होते, एवढेच सिद्ध होते.