वर्गणीदार कोण आणणार?

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या जिरार्ड या लहानशा गावातून ‘अपील टू रीझन’ हे समाजवादी साप्ताहिक निघायचं. १९१०च्या सुमारास त्याचा खप पाच लाखांच्या घरात होता. अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी १९०५मध्ये प्रथम इथेच क्रमशः आली. हे अनेकांनी वाचलेलं असतं. ते अंक लोकांच्या हातात कुणी दिले, हे मात्र सहसा विचारलं जात नाही. ‘अपील आर्मी’ नावाने ओळखले जाणारे हजारो स्वयंसेवक गावोगाव माणसं गाठून वर्गणी गोळा करत. त्यांच्याशिवाय ती कादंबरी कामगारांच्या घरांत शिरली नसती.

आपल्याकडच्या स्वतंत्र डाव्या मासिकांकडे अशी फौज नाही. पक्षाच्या मुखपत्राचे अंक शाखा उचलतात. स्वतंत्र मासिकाला शाखा नसते, आणि ज्या उद्योगांविरुद्ध लिहायचं त्यांच्या जाहिराती घेता येत नाहीत. मग आजीव वर्गणीची रक्कम छपाईत संपते आणि अंक मात्र आयुष्यभर पाठवायचा असतो. वर्गणीदार वाढवणं हे सगळ्यांचं काम मानलं जातं, म्हणून ते कुणाच्याच वाट्याला येत नाही.

अशा मासिकाने पगारी, पूर्णवेळ संघटक नेमावा, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी अंकाची आठ पानं कमी करावी लागली तरी चालेल. संघटकाने वर्गणी संपलेल्यांना फोन करावेत, अंगणवाडी सेविकांच्या सभेला जावं, तालुक्याच्या गावी वाचकांचं अभ्यासमंडळ उभं करावं. लोक कोणता लेख अर्धवट सोडतात, हेही संपादकांना येऊन सांगावं. त्याला कमिशनवर ठेवू नये. कमिशनवरचा माणूस पटकन पैसे देणाऱ्या ओळखीच्या घरांतच फिरतो. नव्या वस्तीत पाय रोवायला दोन वर्षं तरी लागतात, आणि तेवढा काळ त्याचं घर चालायला हवं. कामगारांच्या वेतनावर लिहिणाऱ्यांनी आपल्याच माणसाकडून फुकट राबण्याची अपेक्षा ठेवणं मला मान्य नाही.

तुमच्याकडे असं एखादं मासिक येत असेल, तर थकलेली वर्गणी आजच भरा. आणि संघटकाच्या पगारासाठी दरमहा किती देऊ शकाल, ते संपादकांना कळवा.