किरकोळ काम असेल, तर करूनच द्या

जुनी बुलेट बघायला गेलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "गिअरचं जरा काम आहे, बाकी गाडी एक नंबर." या 'जरा'त क्लचची वायर ताणण्यापासून अख्खा गिअरबॉक्स नव्याने भरण्यापर्यंत काहीही मावतं. पुष्कळदा विकणाऱ्यालाही नेमकं दुखणं ठाऊक नसतं. म्हणून सांगणं एवढंच की गिअरची तक्रार असलेली जुनी गाडी खुशाल घ्या, पण तक्रार कसली आहे हे कळल्याशिवाय विसार देऊ नका.

हे बोलणं आहे उजव्या पायाला गिअर असलेल्या, चार गिअरच्या जुन्या बुलेटबद्दल. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्याची ३५० सीसी बुलेट इथे बनू लागली आणि तिच्यासोबत अल्बियन धाटणीचा हा गिअरबॉक्स आला. तिकडची मूळ कंपनी बुडाली, पण हा डबा आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं चालत राहिला. या बनावटीत इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा असतो. ते आपल्या पथ्यावर पडतं, कारण इंजिनाला हात न लावता गिअरबॉक्स उघडता येतो आणि बरंचसं काम तो चासीत तसाच ठेवून होतं. २००९ च्या सुमारास आलेल्या एकसंध इंजिनाच्या बुलेटमध्ये ही सोय राहिली नाही. तिथे गिअर बघायचा म्हणजे इंजिनच खोलायचं. जाहिरातीत नुसतं 'जुनी बुलेट' लिहिलेलं असेल, तर आधी यातली कुठली ते विचारा.

"साहेब, जुन्या बुलेटचं असंच असतं," हेही तुम्हाला ऐकवलं जाईल. ते अर्धं खरं आहे. या गाडीत पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली पडतात. घाईघाईत पाय मारला तर दोन गिअरच्या मधे खोटा न्यूट्रल लागतो, हा या डब्याचा स्वभावच आहे. गिअरच्या दांड्याजवळ टाचेने दाबायची एक छोटी दांडी असते. पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून ती थेट न्यूट्रलला आणते. ती चालत नसेल तर आत काहीतरी गडबड आहे, निदान सेटिंग तरी बिघडलंय. थोडंफार तेल गळणं हेही या गाडीचं जुनंच दुखणं. पण चालू गाडीत गिअर आपोआप निसटणं हा स्वभाव नाही, तो दोष आहे. विकणारा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात गुंडाळतो. तुम्ही त्या सुट्या करून बघा.

गाडी बघायला जाताना आधी फोन करून सांगा की माझ्या येण्याआधी चालू करू नका. गेल्यावर पहिला हात इंजिनाला लावा. गरम लागलं तर चहा घ्या, थांबा, गार होऊ द्या. गार गाडीला किक मारताना पायाकडे लक्ष ठेवा. किक मधेच रिकामी सटकली तर एक तर किकची खटकी झिजली आहे, नाहीतर क्लच घसरतोय. चालू झाल्यावर क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. मोठ्ठा 'खाड' आवाज होऊन गाडीने पुढे उडी घेतली तर क्लच पुरता सुटत नाही. प्लेटा चिकटल्या असतील किंवा वायर ढिली असेल. गाडी तापल्यावर उभ्या जागी न्यूट्रल सापडत नसेल, तरीही पहिला संशय क्लचवरच घ्यायचा. याला लोक गिअरबॉक्स गेला म्हणतात आणि उगाच घाबरतात.

मग गाडी चालवा. तुमचा पाय डाव्या गिअरला सरावलेला असेल तर आधी मोकळ्या मैदानात चालवा. इथे ब्रेक डाव्या पायाला आहे. ऐन वेळी ब्रेक म्हणून गिअर दाबला जातो आणि परीक्षा भलत्याचीच होते. हात बसल्यावर एखादा चढ गाठा. तिसऱ्या गिअरमध्ये एक्सिलेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी ओढत नसेल, तर क्लच घसरतोय. त्यानंतर सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये या, पाय दांड्यावरून उचला, एक्सिलेटर जोरात द्या आणि एकदम सोडा. असं दोन-चार वेळा करा, तिसऱ्यातही करा. गिअर निसटला तर विकणाऱ्याला तिथेच दाखवा. पाय दांड्यावर दाबून ठेवला तर हा दोष झाकला जातो. विकणारा स्वतः चक्कर मारून दाखवत असेल, तर मागे बसून त्याच्या पायाकडे बघत राहा.

आवाजही ऐका. या डब्यात चौथा गिअर थेट असतो, म्हणजे ताकद खालच्या शाफ्टवरून फिरून येत नाही. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर आहे आणि चौथ्यात गाडी गप्प होते, असं असेल तर त्या खालच्या शाफ्टच्या गराऱ्या किंवा बुश खाल्ले गेले असण्याचा संभव मोठा. डाव्या बाजूला खडखड असेल तर प्रायमरी चेन ढिली असू शकते. ते ताणण्याचं काम आहे. मागच्या चाकाची चेन स्प्रॉकेटवरून मागे ओढून बघा. ती दात्यांवरून बरीच उचलली गेली, दाते आकड्यासारखे वळलेले दिसले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलायचीच. गाडी हिसके देते म्हणून ज्याचं बिल गिअरबॉक्सच्या नावावर फाडलं जातं, त्यातलं बरंच या चेनचं पाप असतं.

शेवटची तपासणी मेकॅनिकसमोर करा. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढून थोडं तेल स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर घ्या, उन्हात धरा आणि त्यातून लोहचुंबक फिरवा. बारीक करडी भुकटी चुंबकाला लागली तर जुन्या डब्याला ते चालायचंच. तेलात सोनेरी झाक असेल तर बुश झिजताहेत. चुंबकाला बोटाला टोचेल असा तुकडा चिकटला, तर एखाद्या गरारीचा दाता तुटलाय, तिथे पुढची चर्चाच नको. बोल्ट काढल्यावर काहीच गळलं नाही, आत घट्ट ग्रीस ठासलेलं निघालं, तर एक ध्यानात ठेवा. या डब्यात ग्रीस भरण्याची पद्धत जुनीच आहे, तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. पण ग्रीस आवाज दाबतं, त्यामुळे तुम्ही चालवताना ऐकलेली शांतता तेवढी खरी धरू नका.

एवढं झालं की दुखण्याचे तीन ढीग पाडा. वायर, क्लचप्लेटा, स्प्रिंगा, चेन हा पहिला ढीग. हे काम बाहेरच्या बाहेर होतं. गिअरच्या दांड्यामागच्या यंत्रणेचं सेटिंग हा दुसरा. कव्हर काढून एक पट्टी थोडी पुढेमागे सरकवली की खोटे न्यूट्रल पुष्कळ कमी होतात, कधी निसटणारा गिअरही जागेवर राहतो. गराऱ्या, शाफ्ट, बेअरिंग हा तिसरा. सेटिंग करूनही गिअर निसटत असेल तर तो तिसऱ्यातच गेला म्हणून समजा.

आता भाव. विकणारा म्हणेल, "किरकोळ काम आहे, तुम्हीच करून घ्या." तुम्ही हसून उत्तर द्या, "किरकोळ असेल तर तुम्हीच करून द्या, मी तुमचा भाव देतो." तो तयार झाला तर काम झाल्यावर तीच सगळी तपासणी पुन्हा करून पैसे मोजा. तो का-कू करू लागला तर त्याच्याच मते काम किरकोळ नाही. मग भाव तिसऱ्या ढिगाचा लावायचा, म्हणजे डबा पूर्ण भरावा लागेल असं धरून तो खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करायचा. उघडल्यावर थोडक्यात भागलं तर तुमचं नशीब. खर्चाचा आकडा विकणाऱ्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून घेऊ नका. जुन्या बुलेटचं काम हाताखालून गेलेल्या दुसऱ्या मेकॅनिकला विचारा. सुटे भाग मिळतात, पण सगळेच सारख्या प्रतीचे नसतात, म्हणून कुठल्या बनावटीचे घालणार तेही विचारून ठेवा.

यंत्र दुरुस्त होतं, कागद होत नाहीत. इंजिन आणि चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आर.सी.शी ताडून बघा. खोडलेला किंवा घासलेला नंबर दिसला तर पाया पडून निघून या, भाव कितीही उतरवला तरी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. ती वाढवली आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, चलनं थकली आहेत का, कर्जाचा बोजा आर.सी.वरून उतरला आहे का, हे बघा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या समोर घ्या. गाडी नावावर करण्यासाठी घेणाऱ्याला कायद्याने ३० दिवस दिलेले आहेत, ते पुढे ढकलू नका. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर गाडी फिरवणारे आहेत. अपघात झाला की दोघंही अडकतात.

बापाच्या काळापासून जिचा आवाज कानात बसलाय अशी गाडी समोर उभी असली की माणूस हळवा होतो आणि विकणारे ते बरोबर ओळखतात. म्हणून पहिल्या भेटीला पैसे घरी ठेवून जा आणि सोबत असा माणूस न्या ज्याला बुलेटचं काही कौतुक नाही. गाडी आवडली तर आवडली म्हणा, त्यात लाज नाही. पण "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" ऐकून खिशात हात घालू नका. येऊ द्या त्याला, घेऊ द्या. उजव्या गिअरच्या बुलेट अजून पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं 'जरा काम' आहे.