नक्षीला वजन नसते काय?

चांदीचे भांडे आपल्याकडे दोनदा तोलले जाते. घरात येताना आणि घरातून जाताना. घेताना धातूच्या भावावर मजुरी चढते. मोडीत देताना मजुरी बुडते, घट वजा होते आणि हाती पडते ती निव्वळ धातूची किंमत. हा सराफीचा व्यवहार आहे, त्यात सराफाला दोष देण्याचे कारण नाही. पण बाजाराचा हा नियम आपण आपल्या रसिकतेलाही लावून घेतला आहे, याचे मात्र वाईट वाटते.

प्रतापनगरातल्या जुन्या संसारांतून अजून एखादे ताट, तांब्या-फुलपात्र, अत्तरदाणी, करंडा निघतो. त्यावरची उठावाची वेलपत्ती सहज उमटलेली नसते. पत्रा राळेवर बसवून तो मागून ठोकून फुगवायचा, मग पुढून बारीक कलमांनी रेषा काढायच्या. एक घाव चुकला तर पत्रा फाटतो. अशा भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालण्याची आपली रीत आहे. कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी दिले आणि तारीख, सारे त्यावर असते. नसते ते फक्त घडवणाऱ्याचे नाव!

सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास वखार घालून बसलेल्या डचांच्या मायदेशी याउलट चाल होती. तिथल्या चांदीच्या भांड्यावर कारागिराची खूण, शहराची खूण आणि वर्षाचे अक्षर ठोकले जाई. उट्रेख्टच्या आदाम फान फियानेन याने १६१४ मध्ये आपल्या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ, अ‍ॅमस्टरडॅमच्या सोनारसंघासाठी, एकाच पत्र्यातून एक झारी घडवली. कानाच्या पाळीसारखी मऊ, वाहती वळणे हे त्या शैलीचे वैशिष्ट्य. ती झारी पुढे चित्रकारांनी आपल्या चित्रांत रंगवली आणि आज ती अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. चांदी तिथेही अडीअडचणीला वितळवली जात होतीच. पण ही झारी वितळली नाही, कारण ती कोणाची, हे लोकांना ठाऊक होते.

आपल्याकडेही २००५ पासून चांदीला हॉलमार्क मिळू लागला. परंतु तो शुद्धतेची हमी देतो. नक्षी कोणाच्या हातची, हे ग्राहक आजही विचारत नाही.

नागपूरकरांना तरी ही हानी नवी नाही. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात निघाले. ते परक्यांनी केले. आज आपल्या आजीचा करंडा आपणच मोडीत घालतो, आणि तोही पुष्कळदा नवा, गुळगुळीत घाट आवडला म्हणून!

चांदी ही अडल्या वेळेची पुंजी आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. फीसाठी किंवा औषधासाठी भांडे विकणाऱ्या घराला कलेचे पाठ देण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझे म्हणणे एवढेच, की मोडण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी. भांड्याचे घरगुती नाव, घाट, नक्षी, त्यावरचा मजकूर, खरेदीची पेठ आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असल्यास कारागिराचे नाव, एवढे एका पानावर लिहावे आणि सोबत छायाचित्र जोडावे. इतिहास आणि गृहअर्थशास्त्र विभागांनी मिळून हे काम अंगावर घेतले, तर त्यास अनुदान लागणार नाही. येत्या दिवाळीत भांडी उजळायला बाहेर निघतीलच. विद्यार्थी मित्रांनी तेव्हा वही-पेन्सिल जवळ ठेवावी.