जी७ एक्स की एसएक्स ७४०? शिरूर-दौंडमध्ये खिशातला कॅमेरा घ्यायचाच असेल तर...

फोनच्या कॅमेऱ्यांनी खिशातले छोटे डिजिटल कॅमेरे मारून टाकले, असं आपण गेली दहा वर्षं ऐकतोय. आणि ते खरंही होतं. जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १० कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते. २०२३ पर्यंत हा आकडा २० लाखांच्याही खाली आला. पण २०२४ मध्ये तो पुन्हा वर सरकला. ही मागणी पंचविशीच्या आतल्या पोरांमुळे आलीय. फोनचे तेच-तेच गुळगुळीत फोटो बघून कंटाळलेली, फ्लॅशवाला ‘डिजीकॅम लूक’ शोधणारी ही पिढी. त्यात सगळ्यात जास्त गाजलेलं नाव म्हणजे कॅननचा पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३.

हा कॅमेरा जुलै २०१९ मध्ये आला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ७४९ डॉलर होती. इलेक्ट्रॉनिक वस्तू जुनी झाली की स्वस्त होते, हा आपला अनुभव. इथे उलटं झालं. २०२५ मध्ये कॅननने तिथली किंमत वाढवून ८८० डॉलरच्या घरात नेली. सहा वर्षं जुना कॅमेरा महाग झाला, कारण रील्समध्ये तो दिसत होता.

आता हा कॅमेरा हप्त्यावर घेऊ का, असं शिरूर किंवा दौंडच्या कॉलेजातल्या पोराने विचारलं तर माझं उत्तर ‘थांब जरा’ असं आहे. कॅमेरा वाईट आहे असं अजिबात नाही. पण या दोन तालुक्यांत ज्या गोष्टींचे फोटो काढावेसे वाटतात, त्यातल्या बऱ्याच लांब असतात. म्हणून मी त्याच्यासमोर त्याच कंपनीचा, रील्समध्ये कुणी न दाखवणारा एक भाऊ उभा करतो: पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस. २०१८ चा कॅमेरा, ४० पट ऑप्टिकल झूम, तिथली सुरुवातीची किंमत ३९९ डॉलर. दोघांचं वजन साधारण ३०० ग्रॅम, दोघेही २० मेगापिक्सेल, बॅटरीसुद्धा एकच. पण स्वभाव मात्र दोन टोकांचे.

काचेचं तोंड किती मोठं?

सगळे सेन्सरची तुलना करतात. जी७ एक्सचा सेन्सर ‘१ इंची’ म्हणतात तो, म्हणजे खरा १३.२ बाय ८.८ मिलीमीटर. एसएक्स ७४० चा त्याच्या साधारण एक चतुर्थांश. इथेच बहुतेक व्हिडिओ संपतात आणि जी७ एक्स जिंकतो.

पण प्रकाश आत येतो तो लेन्सच्या तोंडातून. ते तोंड किती रुंद आहे, हे काढायला साधा भागाकार पुरतो: लेन्सची फोकल लेंग्थ भागिले एफ-नंबर. झूम न करता बघा. जी७ एक्स: ८.८ भागिले १.८, म्हणजे जवळपास ५ मिलीमीटर. एसएक्स ७४०: ४.३ भागिले ३.३, म्हणजे फक्त १.३ मिलीमीटर. आणि चांगल्या फोनचा मुख्य कॅमेरा? साधारण ४ मिलीमीटर.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. घरातला वाढदिवस, हॉटेलमधला ग्रुप फोटो, रात्रीची जत्रा, हे सगळं झूम न करता काढायचं असेल तर एसएक्स ७४० तुमच्या फोनपुढे सपशेल हरतो. जी७ एक्स फोनपेक्षा थोडासाच पुढे आहे, आणि फोन एका क्लिकमध्ये चार-सहा फोटो घेऊन ते एकत्र विणतो, त्यामुळे तो फरकही बऱ्याचदा पुसला जातो. म्हणजे ज्या कामासाठी लोक जी७ एक्स घेतात, त्या कामात फोन आधीच बरा आहे. जी७ एक्सच्या त्या ‘लूक’चं बरंचसं श्रेय खऱ्या झेनॉन फ्लॅशला आहे. तो क्षणार्धात चमकतो आणि नाचणारा माणूस जागच्या जागी गोठवतो. फोनचा एलईडी तसं करू शकत नाही. पण असा फ्लॅश एसएक्स ७४० मध्येही आहे, आणि घरात कुणाच्या कपाटात पडलेल्या २०१० च्या कॅमेऱ्यातही असणार. आधी ते कपाट उघडा.

आता पूर्ण झूम करा. जी७ एक्स १०० मिलीमीटरवर (जुन्या फिल्मच्या हिशोबात) थांबतो, तोंड १३ मिलीमीटर. एसएक्स ७४० थेट ९६० मिलीमीटरपर्यंत जातो आणि तिथे त्याचं तोंड २५ मिलीमीटर होतं. ‘छोट्या सेन्सरचा स्वस्त कॅमेरा’ लांबच्या पक्ष्याकडून जी७ एक्सच्या साडेतीन पट प्रकाश गोळा करतो.

भिगवणच्या पाण्यावर

दौंडहून सोलापूर रस्त्याने निघालं की भिगवण लागतं. उजनीचं बॅकवॉटर, कुंभारगाव, डिकसळ. हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, चित्रबलाक आणि पट्टकादंब बघायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. तालुका इंदापूर, पण दौंडकरांना ते घरचंच.

समजा होडीपासून २०० मीटरवर सव्वा मीटरहून थोडा उंच रोहित उभा आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात १२ मेगापिक्सेलवर त्याची उंची २० पिक्सेलसुद्धा भरत नाही. गुलाबी ठिपका. ५ एक्स टेलिफोटोवाल्या महागड्या फोनमध्ये आणि जी७ एक्समध्ये ती जवळपास सारखीच, शंभरेक पिक्सेल. एसएक्स ७४० मध्ये नऊशेच्या वर. वाकडी चोच, पायाची सांधी, सगळं दिसतं.

कागदावरच्या नऊशे पिक्सेलपैकी सगळे कामाचे नसतात, हेही सांगतो. एफ/६.९ ला एवढ्या बारीक सेन्सरवर प्रकाश स्वतःच पसरतो, त्यामुळे २० मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण उघडून बघितला की मऊसर वाटतो. इन्स्टावर किंवा आठ बाय दहाच्या प्रिंटवर चालून जातो. कॅलेंडर छापायचं म्हणाल तर नाही.

वेळेचंही आहे. भर उन्हात आयएसओ २०० वर १/१००० चा शटर मिळतो, उडता पक्षी थांबवायला तेवढा लागतोच. सूर्य टेकला की त्याच शटरसाठी आयएसओ १६०० होतो आणि पिसांचं पीठ होतं. उलट दुपारी पाण्यावरची गरम हवा थरथरते, मग कितीही महाग लेन्स आणा. त्यामुळे सकाळी आठ ते दहा, बस्स. रॉ फाइल मिळत नाही, टच स्क्रीन नाही, आणि उडत्या पक्ष्यामागे त्याचा फोकस धावत नाही, तो चुकतोच. एवढ्या झूममध्ये पक्षी हरवला तर झूम असिस्टचं बटण दाबून धरायचं. चित्र रुंद होतं, पक्षी सापडला की सोडायचं.

आणि होडीवाल्याला ‘अजून जवळ घ्या काका’ म्हणायची वेळ येत नाही. थवा उडवून फोटो काढणारे बरेच दिसतात. त्या पक्ष्यांचं खाणं मोडतं, आणि फोटोत मिळतात ती फक्त पाठमोरी पाखरं.

मोराची चिंचोली तशीच. सकाळी मोर शेताच्या बांधावर असतात, तुम्ही रस्त्यावर. दौंड जंक्शनवर मनमाडकडून येणारी गाडी वळणावरून घ्यायची, तीही लांबूनच आणि फलाटावरूनच. रुळांत उतरलात तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि ९६० मिलीमीटर असताना उतरायची गरजही नाही.

मग जी७ एक्स कुणासाठी?

आहे ना. निघोजचे रांजणखळगे घ्या. शिरूरहून जवळच, कुकडीच्या पात्रात. पावसाळ्यानंतर खळग्यांतून वाहणारं पाणी दुधासारखं दिसावं असं वाटत असेल तर शटर जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो आणि दिवसा त्यात फोटो पांढरा फटक होतो. जी७ एक्समध्ये आतच एनडी फिल्टर आहे, प्रकाश आठपटीने कमी करणारा. भर उन्हात तो पुरत नाही, पण कमी उजेडात छोटा ट्रायपॉड ठेवला की काम झालं. शिवाय रॉ फाइल, माईकची जागा, यूएसबी-सीने चार्जिंग. व्हिडिओ करणाऱ्याला हे सगळं लागतं. फक्त ४के रेकॉर्डिंग एका वेळी जेमतेम दहा मिनिटं, तेव्हा अख्खं कीर्तन घ्यायला फोनच बरा.

आणि चेहरे. १०० मिलीमीटरवरचं ते १३ मिलीमीटरचं तोंड मागची गर्दी खरोखर धूसर करतं. फोनच्या पोर्ट्रेट मोडसारखी नथ अर्धी कापली जात नाही. साखरपुडा, बारसं, डोहाळजेवणाच्या ऑर्डरी घेऊन चार पैसे मिळवायचे असतील तर हे महत्त्वाचं. पण खरं सांगू? कमाईच करायची असेल तर जुना साधा डीएसएलआर आणि ५० मिलीमीटर एफ/१.८ लेन्स घ्या. तोंड जवळपास २८ मिलीमीटर, आणि बहुतेकदा खर्चही कमी. कॅमेरा मोठा दिसला की पाहुणे बाजूलाही होतात, हा वरचा फायदा!

बिबट्या आणि खरा फोटो

आता झूमचीच एक दुसरी बाजू, आणि ती शिरूरमध्ये फार जवळची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत वीसेक दिवसांत तीन माणसं गेली, त्यात दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. त्याच दिवसांत पुणे जिल्ह्यातल्या ग्रुपवर एआयने बनवलेले बिबट्याचे फोटोही फिरत होते. ऊसतोड चालू असताना असा एक फोटो पडला की शेतात पाणी द्यायला कुणी जात नाही, पोरांची शाळा बुडते, आणि वनविभागाची माणसं खऱ्या जागेऐवजी भलतीकडे धावतात.

यात कॅमेऱ्याचा काय संबंध? फोनचा झूम आता खोटं न बोलताही चित्र ‘बनवायला’ लागलाय. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये आणलेल्या पिक्सेल १० प्रोमध्ये ३० एक्सच्या पुढे जनरेटिव्ह एआय तपशील भरतं. लेन्सला दिसलं नाही ते मॉडेल अंदाजाने रंगवतं. गुगल त्या फोटोवर तशी डिजिटल खूण ठेवतं, हे चांगलंच आहे, पण व्हॉट्सॲपवर चार वेळा फॉरवर्ड झालेल्या फोटोत ती खूण कोण शोधणार? उसाच्या कडेला लांबवर बसलेलं पिवळट काहीतरी कुत्रं आहे की बिबट्या, हा प्रश्न असेल तर अंदाज नको, काच हवी. एसएक्स ७४० चा फोटो मऊ असेल, दाणेदार असेल, पण त्यात जे आहे ते समोर होतं.

रात्री मात्र हा कॅमेराही आंधळा. एफ/६.९ आणि आयएसओची कमाल ३२००, बॅटरीच्या उजेडात काही मिळणार नाही. म्हणून फोटोसाठी अंधारात थांबायचं नाही. दिवसा दिसला तरी गच्चीवरून किंवा गाडीच्या आतून, फ्लॅश बंद. आणि आधी वनविभागाचा १९२६ लावायचा, मग शटर.

तर माझं मत सरळ आहे. हातात बरा फोन असेल तर दुसरं यंत्र फोनला न जमणाऱ्या कामासाठी घ्यावं, आणि आपल्या भागात ते काम बहुतेक वेळा अंतराचं असतं. म्हणून मी एसएक्स ७४० कडे झुकतो. नवा मिळत नसेल तर २०२५ मध्ये आलेला पॅनासॉनिक टीझेड ९९ बघा, झूम ३० पट, पण रॉ, टच स्क्रीन आणि टाइप-सी आहे.

जुना घेणार असाल तर दुकानातच लेन्स दहा वेळा आत-बाहेर करा. हे कॅमेरे धुळीपासून बंदिस्त नसतात. बाहेर येणारी नळी शेतातली धूळ आत ओढते, आणि सेन्सरवर बसलेला कण घरी काढता येत नाही. त्यासाठी निळ्या आकाशाचा एक फोटो पूर्ण झूमवर काढा आणि काळे डाग शोधा. बिल नसलेला, बाहेरून आणलेला नवा माल असेल तर वॉरंटीची आशा सोडूनच भाव करा.

घरी आणल्यावर कॅमेऱ्यातली तारीख-वेळ आधी लावा. आणि वनविभागाला किंवा पत्रकाराला फोटो द्यायची वेळ आलीच, तर व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवू नका. तो दाबला जातो, वेळ आणि कॅमेऱ्याची नोंदही गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल कार्डावर तशीच ठेवा.