गाडी नको, शिस्त आणा

जपानमधील जुन्या स्पोर्ट्‌स कारचे आकर्षण आज जगभर आहे. निसानची १९८९ सालची स्कायलाईन जीटी-आर ही त्यांतील मानाची गाडी. आपल्या सुरक्षा मानकांत न बसणाऱ्या मोटारींना अमेरिका सर्वसाधारणपणे २५ वर्षांनंतरच प्रवेश देते. त्यामुळे २०१४ पासून तिथले शौकीन ही गाडी नेऊ लागले. आपल्याकडील हौशी मंडळी विचारतात : जपानमध्येही वाहने डावीकडूनच चालतात, सुकाणूही उजवीकडेच असते, मग उत्पादनापासून ३ वर्षांहून जुनी मोटार आणण्यास सामान्यतः मज्जाव का?

प्रश्न वरकरणी रास्त वाटतो. परंतु जपानी गाडी जुनी होऊनही धडधाकट राहते, ती केवळ कारखान्याच्या पुण्याईवर नव्हे. तिथे नव्या मोटारीची पहिली सक्तीची तपासणी ३ वर्षांनी आणि त्यानंतर दर २ वर्षांनी होते. ‘शाकेन’ नावाच्या या परीक्षेत ब्रेक, दिवे, धूर असे सारे पारखले जाते. अनुत्तीर्ण गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याकडे, धुराचे प्रमाणपत्र सोडल्यास, खासगी मोटारीला १५ वर्षे अशी परीक्षाच नसते.

बंदरावर गाडी उतरेल. शाकेन जपानमध्येच राहील. मग वेगवान पण जीर्ण यंत्राचा धोका मालकापुरता राहत नाही, तो पादचाऱ्याच्या जिवावर बेततो. म्हणून हे बंधन सैल करू नये. जपानकडून काही आणायचेच असेल, तर ती तपासणीची शिस्त आधी आणावी. तिला जकात पडत नाही!